बोलणारा आत्मा आणि लिहिलेला शब्द

कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसास एक गोष्ट पुरती उमगलेली असते. तोंडी हुकूम कितीही मोठ्या माणसाचा असो, त्याची फायलीत नोंद झाली नाही तर उद्या त्याला कोणी वाली उरत नाही. उलट सर्वच कागदावर आले, की हुकमातला जिवंतपणा हरपतो. हा पेच केवळ राज्यकारभाराचा नव्हे. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांचा इतिहास चाळताना आम्हांस तो तेथेही आढळला.

येशूच्या पश्चात पन्नासाव्या दिवसाच्या सणास यरुशलेमेत जमलेल्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. त्या वेळी पेत्राने योएल या प्राचीन संदेष्ट्याचा आधार घेऊन जे सांगितले त्याचा इत्यर्थ असा, की यापुढे ईश्वराची वाणी मूठभर निवडक पुरुषांपुरती राहणार नाही. मुलगे, मुली, दास, दासी यांच्या मुखानेही ती प्रकट होईल. संदेष्टा म्हणजे केवळ भविष्य वर्तविणारा ज्योतिषी नव्हे; ईश्वराचा निरोप लोकांस पोचविणारा तो संदेष्टा. फिलिप्पाच्या चार कुमारी कन्या असे संदेश देत, अशी नोंद त्याच ग्रंथात आहे.

परंतु ज्याच्या अंगात आले तो खरा कशावरून? हा प्रश्न आपल्या खेड्यांतील लोकांसही नवा नाही. पौलाने करिंथच्या मंडळीस नियम घालून दिला, की दोघा-तिघांनी बोलावे व इतरांनी त्याची पारख करावी. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या प्राचीन ग्रीक पुस्तिकेची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली. तिच्यातील कसोटी फार व्यवहारी आहे. फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकील तर तो खोटा. आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागेल तोही खोटा. बोलणे नव्हे, वर्तन पाहावे, असा तिचा रोख आहे.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरच्या फ्रुगिया प्रांतात या पेचाने उग्र रूप धारण केले. माँटेनस नावाचा एक नवख्रिस्ती भान हरपून बोलू लागला. प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया त्यास येऊन मिळाल्या. आपल्या मुखाने साक्षात पवित्र आत्मा बोलतो, असा तिघांचा दावा होता. मनुष्य वीणेसारखा असून आत्मा ती छेडतो, अशी उपमा माँटेनसने दिल्याचे सांगतात. पेपुझा व तिमियन या लहान गावांस त्यांनी यरुशलेम हे नाव दिले. आशियातील ख्रिस्ती मंडळींनी वारंवार सभा भरवून या वाणीची छाननी केली व ती त्याज्य ठरविली. युद्धे होतील, अशी मॅक्सिमिलाची वाणी होती. तिच्या मृत्यूस तेरा वर्षे लोटूनही सर्वत्र शांतताच आहे, असे एका विरोधकाने खोचकपणे लिहून ठेवले. तिचे भाकीत खोटे ठरले, हे खरे. पण लांडग्याप्रमाणे आपणांस कळपापासून हाकलले जात आहे, ही तिची तक्रारही त्याच विरोधी लेखणीने जपली आहे, आणि ती वाचताना मन विषण्ण होते.

कार्थेजचा तर्ककठोर पंडित टर्टुलियन तिसऱ्या शतकाच्या आरंभी या पंथाकडे वळला. त्याच्या मंडळीतील एका स्त्रीस उपासनेच्या वेळी दर्शने घडत. लोक पांगल्यावर ती ती निवेदन करी आणि मग त्यांची काळजीपूर्वक तपासणी होई. म्हणजे उत्कटता व शिस्त एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखलाच होय.

तथापि काळाचा ओघ दुसरीकडे होता. ३६७ साली अथानेशियसने नव्या कराराच्या सत्तावीस ग्रंथांची यादी दिली. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या श्रद्धासूत्रात, आत्मा संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, असा आशय आहे. क्रियापद भूतकाळी आहे, हे आम्हांस सूचक वाटते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या राज्यात पेपुझा येथील त्या पंथाचे श्रद्धास्थान उद्ध्वस्त झाले. तुर्कस्तानात त्या गावाची जागा संशोधकांनी निश्चित केली ती २००० साली.

आत्म्याची वाणी मात्र त्यासोबत गाडली गेली नाही. तिचा एक पडसाद आपल्या मुलखातही उमटला. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या आश्रयास असलेल्या मुली आत्म्याच्या संचाराने रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजेलिसची प्रसिद्ध चळवळ याच्या पुढच्या वर्षीची, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांपैकी कित्येक जणी दुष्काळातून वाचविलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे पूर्वी कोणी ऐकून घेतले असेल, असे वाटत नाही. त्यांना बोलू देणाऱ्या रमाबाईंनीच हिब्रू व ग्रीक शिकून समग्र बायबल मराठीत आणले. लिहिलेला शब्द आणि बोलणारा आत्मा यांचे वैर त्यांनी मानले नाही.

त्या मुलींवर आत्मा उतरला की नाही, याचा निवाडा इतिहासाने करावयाचा नाही. परंतु जुन्या पुस्तिकेची कसोटी लावावयाची, तर त्या सदनाने अनाथांस अन्न, विद्या व आसरा दिला, एवढे निश्चित सांगता येते. नोंदवही हवीच. मात्र तिच्यात ज्यांचे नाव नाही, त्यांचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच दार लावून घेऊ नये, असे आम्हांस वाटते.