संत मोनिका : एका मातेचें व आजीचें पुण्यस्मरण

महोत्सव आला म्हणजे देवालय कोणी बांधिलें, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, याची नोंद आपण आदरानें करितों. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या मातांनीं व आज्यांनीं सायंकाळीं मुलांना जवळ बसवून क्रुसाची खूण करावयास शिकविली, त्यांचीं नांवें कोणत्याही शिलेवर कोरलेलीं नसतात. त्या सर्वांचें नांवानिशीं स्मरण करणें आम्हांस शक्य नाहीं. म्हणून, जिचें चरित्र तिच्या पुत्रानेंच लिहून ठेविलें, त्या संत मोनिकेची कथा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोनिकेचा जन्म इ. स. ३३२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते या गांवीं, ख्रिस्ती घरांत झाला. हें स्थळ आजच्या अल्जीरिया देशांत आहे. घरांतील एका वृद्ध दासीनें तिला वळण लाविलें. जेवणाच्या वेळेखेरीज पाणीही पिऊं द्यावयाचें नाहीं, इतकी त्या दासीची शिस्त कडक होती. तरीही पिंपांतून द्राक्षारस काढावयास पाठविलें असतां ही मुलगी आधीं नुसते ओठ भिजवूं लागली, आणि थोडें थोडें करितां करितां पेलेच्या पेले रिचविण्याची तिला संवय जडली. एके दिवशीं भांडणाच्या भरांत दुसऱ्या एका दासीनें तिला दारुडी म्हणून हिणविलें. तो शब्द वर्मीं लागला आणि तिनें ती संवय तत्काळ टाकिली. संतपण जन्मतःच अंगीं असतें असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी.

पात्रिसियुस नांवाच्या गृहस्थाशीं तिचा विवाह झाला. तो त्या वेळीं ख्रिस्ती नव्हता. मनाचा उदार, पण रागीट, आणि पत्नीशीं एकनिष्ठही नव्हता. पति संतापला असतां ती उलट बोलत नसे. राग निवळल्यावर मात्र आपलें म्हणणें शांतपणें सांगे. दासींच्या चहाड्यांमुळें सासूचें मन तिच्याविषयीं कलुषित झालें होतें. तेंही तिनें सेवेनें व सहनशीलतेनें जिंकिलें. अखेर ३७१ च्या सुमारास पात्रिसियुसनें मृत्यूपूर्वीं बाप्तिस्मा घेतला.

तिचा पुत्र ऑगस्टीन १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं जन्मला. तो बुद्धीनें तल्लख, पण कार्थेज शहरीं विद्येसाठीं गेला असतां मनाने भरकटला. मानी नामक पंथप्रवर्तकाच्या मतास तो लागला व सुमारें नऊ वर्षें त्यांतच राहिला. तेथेंच एका स्त्रीशीं विवाहावांचून त्याचा संसार सुरू झाला व ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. त्याचें नांव अदेओदातुस, म्हणजे आपल्या भाषेंत देवदत्तच. अशा रीतीनें मोनिका आजी झाली.

पुत्रासाठीं ती रात्रंदिवस रडून प्रार्थना करी. त्याच्याशीं वाद घालून त्याचें मन वळवावें, अशी तिनें एका बिशपांस गळ घातली. त्यांनीं नकार दिला. परंतु इतक्या अश्रूंचा पुत्र नाश पावणें शक्य नाहीं, असें सांगून तिला परत पाठविलें. ३८३ सालीं ऑगस्टीन रोमेस निघाला, तेव्हां ती किनाऱ्यापर्यंत मागोमाग गेली. त्यानें खोटें सांगून तिला संत सिप्रियनच्या प्रार्थनामंदिरांत ठेविलें व रात्रींच जहाज हाकारिलें. सकाळीं ती समुद्राकडे पाहून आक्रोश करीत राहिली. तरी ती खचली नाहीं. पुढें समुद्र ओलांडून ती मिलान शहरीं त्याच्याजवळ गेली. वाटेंत वादळ उठलें तेव्हां तिनेंच खलाशांना धीर दिला.

येथें एक कठीण गोष्ट लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मिलान येथें मोनिकेच्या पुढाकारानें ऑगस्टीनचा विवाह एका प्रतिष्ठित घरच्या मुलीशीं ठरला, आणि देवदत्ताच्या आईस आफ्रिकेंत परत धाडण्यांत आलें. मुलगा बापाजवळ राहिला. त्या मातेचें नांवही इतिहासांत उरलें नाहीं. ठरलेला विवाहही शेवटीं झाला नाहीं. भाविक मातेच्या हातूनही आपल्या मुलाच्या हिताच्या भरांत दुसऱ्या मातेचें दुःख घडतें. आम्हां सर्व गृहस्थाश्रम्यांस हा इशाराच आहे.

तरी तिची नम्रताही तितकीच खरी. आफ्रिकेंतील रिवाजाप्रमाणें ती हुतात्म्यांच्या कबरींवर लापशी, भाकरी व द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हां बिशप संत अॅम्ब्रोज यांची मनाई असल्याचें द्वारपालानें सांगितलें. तिनें वाद न करितां जन्माची रीत सोडिली.

३८६ सालीं ऑगस्टीनचें मन पालटलें. मिलानजवळील कासिसियाकुम येथें ही मंडळी राहिली असतां ती सर्वांचा घरप्रपंच पाही आणि विद्वानांच्या चर्चेंतही भाग घेई. ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं संत अॅम्ब्रोज यांच्या हस्तें ऑगस्टीन व देवदत्त, बाप व लेक, दोघांनीं एकत्र बाप्तिस्मा घेतला. मोनिकेची प्रार्थना एका पिढीवर थांबली नाहीं.

त्याच वर्षीं मायदेशीं परततांना ओस्तिया बंदरांत तिला ताप आला व नवव्या दिवशीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, तिनें देह ठेविला. पूर्वीं पतीशेजारीं पुरलें जावें अशी तिची फार इच्छा होती. आतां तिनें सांगितलें कीं, हा देह कोठेंही ठेवा. मात्र प्रभूच्या वेदीपाशीं माझी आठवण करा. तिचा श्वास थांबतांच नातू मोठ्यानें रडूं लागला व वडील मंडळींनीं त्याला गप्प केलें. ऑगस्टीननेंही त्या वेळीं आपले अश्रू आवरून धरिले. मागाहून एकांतांत ते वाहिले. तो नातू पुढें थोड्याच वर्षांत, कोवळ्या वयांत, वारला.

१४३० सालीं तिचे अवशेष रोमेस नेण्यांत आले. १९४५ सालीं ओस्तिया येथें खेळासाठीं खड्डा खणणाऱ्या मुलांस तिच्या कबरीवरील शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. आपल्या भूमीशींही तिचें नातें आहे : ऑगस्टीनच्या संघाचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळीं, १६०६ सालीं, जुन्या गोव्यांत धर्मभगिनींसाठीं सांता मोनिका मठाचा आरंभ झाला. तिचा सण पूर्वीं ४ मे रोजीं असे. १९६९ च्या पंचांगसुधारणेपासून तो २७ ऑगस्ट रोजीं, म्हणजे पुत्राच्या सणाच्या आदल्या दिवशीं, पाळिला जातो.

महोत्सवाच्या मिस्सेंत आपण वेदीपुढें गुडघे टेकूं, तेव्हां प्रत्येकानें आपल्या आईचें व आजीचें नांव मनांत घ्यावें. मोनिकेनें मरतांना एवढेंच मागितलें होतें. आपल्या घरच्या माताही याहून अधिक मागत नाहींत.