सातबाऱ्यावरचा रिकामा रकाना

खानदेशात कुणाला त्याची जमीन कुठे आहे असं विचारलं, तर तो सहसा गट नंबर सांगत नाही. 'पिराचं वावर', 'चिंचेचं', 'नाल्याकाठचं' असं सांगतो. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आजही छापलेला असतो, पण बहुतेक उताऱ्यांवर तो रिकामाच दिसतो.

एका वावराचा माग काढायचा तर उलट दिशेने चालावं लागतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झालं, तिथे आजच्या गट नंबरामागे जुना सर्व्हे नंबर असतो. मालकी कशी फिरली ते फेरफार सांगतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कित्येक कुळं मालक झाली, ती नोंदही तिथेच सापडते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्याच्याही मागे इंग्रजांची मोजणी. १८५२ मध्ये ती खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी तिच्या विरोधात उठले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची भीती होती. सरकारने फौज आणून तो उठाव मोडला.

मोजणीच्या मागे सनदा लागतात. काही मोडीत, काही फारसीत. पाटील, महार, काझी, देऊळ, मशीद, दर्गा अशा सगळ्यांना गावात इनामं होती. देवस्थान इनामात आजही मंदिरांच्या जमिनींबरोबर मशिदी-दर्ग्यांच्या जमिनी एकाच वर्गात, वर्ग ३ मध्ये, धरल्या जातात. खुद्द खानदेशचं राज्यही एका जहागिरीतूनच उभं राहिलं. फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेरचा मुलूख दिला होता. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला 'दानदेश' म्हटलं. ते नाव कागदावरच राहिलं. लोकांच्या तोंडी खानदेशच टिकलं.

मुसलमान इथे बाहेरून आले आणि बाहेरचेच राहिले, असं म्हणणाऱ्यांनी सातबारा एकदा नीट वाचावा. हक्क, वारस, मालक, इनाम, जिरायत, खरीप, रब्बी, तालुका, तहसील हे सगळे शब्द मूळ अरबी आहेत. आज ते शुद्ध मराठी आहेत आणि कुठलाही शेतकरी ते परके मानत नाही. 'पिराचं वावर' आज एखादा पाटील किंवा माळी कसत असेल, तरी नाव पिराचंच राहतं. नाव ठेवणाऱ्यांनी कसणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता.

पण ही नावं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहेत. जमीन विकली जाते, प्लॉट पडतात, कॉलनीला नवं नाव मिळतं. पिराचं वावर हे नाव गेलं की तिथे पीर होता हेही विसरलं जातं, आणि मग कुणीही काहीही इतिहास सांगू शकतो. म्हणून घरातल्या दादा-दादींना, आजी-आजोबांना शिवारातल्या प्रत्येक वावराचं नाव विचारा आणि गट नंबरासमोर वहीत लिहून ठेवा. तो रिकामा रकाना भरायला सरकारी शिक्का लागत नाही.