ओडिशी संगीतामागील काव्य

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवच्या नाट्यगृहांत ओडिशी नृत्याचा कार्यक्रम झाला. सर्वांचे डोळे अर्थातच नर्तिकेकडे होते. माझें आयुष्य मुलांना कविता शिकविण्यांत गेलेलें, त्यामुळें माझे कान मात्र बाजूला बसलेल्या गायकाच्या शब्दांना चिकटून राहिले. अर्थ फारसा लागत नव्हता. पण एक गोष्ट ध्यानांत आली. शेवटच्या पदाचा प्रत्येक चरण 'ल' या अक्षरानेंच उघडत होता. कार्यक्रम संपल्यावर मीं भीतभीत विचारलें, "आपण शेवटीं गाइलांत तें पद कोणतें?" ते म्हणाले, "ल." त्यांना माझा प्रश्न कळला नसावा असें वाटून मीं पुन्हां विचारलें, तेव्हां हंसून म्हणाले, "ल चंपू." त्या एका अक्षराचा उलगडा करण्यासाठीं पुढें जें वाचलें आणि ऐकलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

गाण्याचा विचार आपण सहसा रागापासून सुरू करतों आणि शब्दांना मागाहून जागा देतों. ओडिशांतील गाण्याचा विचार असा करतां येत नाहीं. तेथें आरंभ कवितेपासूनच करावा लागतो. बाराव्या शतकांतील जयदेवाचें 'गीतगोविंद' हें या परंपरेचें मूळपीठ. त्याचे सर्ग बारा, गीतें चोवीस, आणि प्रत्येक गीताच्या माथ्यावर राग व ताल यांचीं नांवें. भाषा संस्कृत खरी. परंतु चरणांचें वजन मात्रांवर तोललेलें, ओळींच्या शेवटीं यमक, आणि फिरून फिरून येणारें ध्रुवपद. ही घडण जुन्या संस्कृत श्लोकाची नव्हे. ती लोकभाषेंतील गाण्याची आहे. जयदेवाचें केंदुली गांव ओडिशांतील प्राची नदीच्या कांठचें कीं बंगालमधील वीरभूम जिल्ह्यांतलें, हा वाद दोन्ही प्रांतांचे पंडित मोठ्या आवेशानें करीत आले आहेत. त्यांत मी पडत नाहीं. ओडिशांत हें काव्य रुजलें तें पुरीच्या देवळांत, एवढें आपल्याला पुरे.

त्या देवळांत जयविजय दरवाज्याशीं गजपति प्रतापरुद्रदेवाचा १४९९ सालचा ओडिया शिलालेख आहे. त्यांतील आज्ञा मोठी रोखठोक आहे. भोगाच्या वेळीं देवापुढें नृत्य होईल तें गीतगोविंदावरच व्हावें. नर्तकींच्या सर्व ताफ्यांनीं, त्यांत तेलंगी ताफाही आला, दुसरें गीत शिकूं नये. चार वैष्णव गायकांनीं हेंच गावें, आणि ज्यांना तें येत नसेल त्यांनीं त्यांच्या तोंडून ऐकून शिकावें. आज्ञा मोडणें म्हणजे जगन्नाथाशींच द्रोह! एखादें क्रमिक पुस्तक लावण्याचा इतका कडक हुकूम मीं माझ्या सगळ्या नोकरींत पाहिला नाहीं. पण या हुकुमांतील 'ऐकून शिकावें' हे शब्द आपण लक्षांत ठेवावे. येथून पुढें कविता पसरली ती पोथीपेक्षां कानाच्या वाटेनें.

पुढील ओडिया कवींनीं जयदेवाचा धडा आपल्या भाषेंत गिरविला. त्यांच्या काव्याच्या सर्गाला 'छंद' म्हणतात, आणि तालपत्राच्या पोथींत प्रत्येक छंदावर लोखंडी लेखणीनें रागाचें नांव कोरलेलें असतें. कधीं रागाऐवजीं 'अमक्या गीताची वाणी' एवढेंच असतें. आपल्या घरीं जुन्या संगीत नाटकाचें पुस्तक असेल, तर पदावर 'चाल' म्हणून दुसऱ्या पदाचे चार शब्द छापलेले आपण पाहिले असतील. तसाच हा प्रकार. मात्र ओडिया छंदांत त्या नांवाचा अर्थ अधिक खोल जातो. चोखी, रसकुल्या, बंगलाश्री हीं नांवें पाहिलीं कीं कवितेचा सांचा आणि गाण्याची चाल हीं दोन्हीं एकदम कळतात. चरणांत अक्षरें किती, विसांवा कोठें घ्यावयाचा, सूर कोणत्या वळणानें न्यावयाचा, हें जाणत्याला एका शब्दांत समजतें.

येथें भाषेचा एक गुण कवींच्या कामीं आला आहे. आपण बोलतांना 'जगन्नाथ' म्हणतों तेव्हां शेवटच्या 'थ'चा पाय मोडतों. ओडिया माणूस तो मोडीत नाहीं. ज, ग, न्ना, थ अशीं चारही अक्षरें तो स्वरासह पुरीं उच्चारतो. त्यामुळें अक्षरें मोजून रचलेला चरण जसाच्या तसा गळ्यांत उतरतो, आणि प्रत्येक अक्षरावर सुराला टेकायला जागा मिळते. आपले वारकरी अभंग गातांना 'विठ्ठल' शब्दांतील शेवटचा 'ल' सस्वर म्हणतात, त्यावरून याची थोडी कल्पना येईल. आपल्याकडे जें गातांना करावें लागतें, तें त्या भाषेंत नुसतें बोलतांनाही होत असतें.

या परंपरेंतील सर्वांत मोठें, आणि सर्वांत वादाचेंही, नांव म्हणजे उपेंद्र भंज. गंजाममधील घुमुसरच्या राजघराण्यांतला हा कवि सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभीं होऊन गेला. त्याचें 'वैदेहीश विलास' म्हणजे बावन्न छंदांचें रामायण, आणि त्याचा प्रत्येक चरण 'ब' या अक्षरानें आरंभ होतो. 'सुभद्रा परिणय' काव्यांत तेंच 'स'चें. दीनकृष्णदासानें 'रसकल्लोळ' काव्याचे चौतीस छंद 'क' अक्षरावर रचले. आपल्या मोरोपंतांनींही ओष्ठ्य अक्षरें गाळून एक रामायण लिहिलें आहे. तें मुलांना सांगितलें कीं वर्गांत हंशा पिके, आणि खरें सांगावयाचें तर मीही त्यांत सामील होत असें. काव्य म्हणजे कांहीं कसरत नव्हे, असें मी फळ्याकडे पाठ करून मोठ्या अधिकारानें सांगत असें.

नेमका हाच आक्षेप ओडिशांतील नव्या शिकलेल्या पिढीनें उपेंद्र भंजावर घेतला. १८९०च्या दशकांत 'इंद्रधनु' आणि 'बिजुळी' या दोन पत्रांत यावर मोठें रण माजलें. 'इंद्रधनु' भंजाच्या बाजूनें, तर 'बिजुळी' नव्या कवितेचे अग्रणी राधानाथ राय यांच्या बाजूनें. जुन्या कवितेंत शब्दांचें अवडंबर फार, शृंगार मर्यादेबाहेरचा, अर्थ दुर्बोध, असें नव्यांचें म्हणणें. नव्या कवितेचे दुसरे धुरीण मधुसूदन राव हे ओडिशांत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतले, आणि शिक्षण खात्यांतले. त्यांचा १८९५चा 'वर्णबोध' वाचून ओडिया मुलांच्या पिढ्यांनीं अक्षरें गिरविलीं. अशा लोकांना अडाणी म्हणतां येणार नाहीं. शृंगाराविषयींचा त्यांचा आक्षेप मला आजही कांहीं अंशीं मान्य आहे. परंतु जी कविता शतकानुशतकें ऐकली गेली, तिचा न्याय छापील पानावर होऊं लागला होता. वर छापलेलें रागाचें नांव ओलांडून डोळा खालच्या शब्दांवर जाई. चरणारंभींचें तें एकच अक्षर पानावर हट्टासारखें दिसतें. गातांना तें चरणाचा आरंभ कानाला ठळक करून देतें, आणि पाठ करणाराला पुढच्या ओळीची वाट दाखवितें. हें मला ठाऊक असतें, तर वर्गांत फळ्याकडे पाठ करून मीं तें वाक्य इतक्या ठामपणें उच्चारलें नसतें.

आपल्याकडील इतिहासांत ओडिशाचें नांव येतें तें बहुधा भोसल्यांच्या स्वाऱ्या आणि चौथाई यांच्या निमित्तानें. नागपूरकरांचा अंमल तेथें १७५१ पासून १८०३ पर्यंत होता. त्याच काळांत अभिमन्यु सामंतसिंहार यांनीं राधाकृष्णांवरील 'विदग्ध चिंतामणि' रचलें. गंजाम भाग मात्र त्या अंमलाबाहेर राहिला आणि पुढें १९३६ पर्यंत मद्रास इलाख्यांत होता. कर्नाटक संगीताचा शेजार असलेल्या या दक्षिण टोंकालाच काव्य आणि गाणें यांचा मिलाफ परिपक्व झाला, ही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे.

'ल'चें कोडें सुटतें तें येथेंच. गंजाम भागांतील संस्थानिकांच्या आश्रयानें राहिलेल्या बळदेव रथ ऊर्फ कविसूर्य (१७८९–१८४५) यांनीं 'किशोरचंद्रानन चंपू' लिहिला. राधा, कृष्ण आणि सखी ललिता एवढीं तीनच पात्रें, मधून मधून संस्कृत गद्य, आणि 'क'पासून 'क्ष'पर्यंत चौतीस अक्षरांचीं चौतीस ओडिया गीतें. ज्या गीताचें जें अक्षर, त्यानेंच त्याचा प्रत्येक चरण सुरू होतो. म्हणून गायक त्यांना नांवानें न ओळखतां 'क चंपू', 'ल चंपू' असें अक्षरानेंच ओळखतात. लहान मूल जी बाराखडी शिकतें, तिच्याच खुंट्यांवर कवीनें एक सबंध प्रणयकथा टांगून ठेविली आहे. एखादें गीत विसरलें गेलें तर वर्णमालेंतील रिकामी जागाच तें सांगेल. पाठांतराची याहून चांगली सोय मला तरी सुचत नाहीं.

असा कडक नेम सर्वांनींच पाळला असें नाहीं. पारळाखेमुंडीचे गोपाळकृष्ण पट्टनायक (१७८४–१८६२) यांचीं पदें घरगुती भाषेंत आहेत. त्यांच्याही आधीं, सतराव्या शतकांत, सालबेग या मुसलमान भक्तानें जगन्नाथाला आळविलें. त्याचीं भजनें ओडिशांत अजून घरोघर म्हटलीं जातात, आणि पुरीच्या रथमार्गावर त्याची समाधि आहे.

हें सर्व गाणें तालपत्रावर उतरलें, पण अर्धेंच. शब्द उतरले, रागाचें नांव उतरलें. चाल गुरूच्या गळ्यांत राहिली. एखादी शिष्यपरंपरा तुटली कीं नांव शिल्लक राहतें आणि सूर जातो. कटकचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं आणि भुवनेश्वरचें उत्कल संगीत महाविद्यालय १९६४ सालीं सुरू झालें, त्यामुळें कांहीं चाली वांचल्या. पण कार्यक्रमाच्या ठराविक वेळांत सबंध छंद मावत नाहीं. दोनचार कडवीं निवडावीं लागतात, आणि कथेचा धागा गळून पडतो.

त्या रात्रीं गायकांना मीं आणखी एक विनंति केली होती. म्हटलें, "मला नुसते शब्दच सांगा, मी लिहून घेतों." त्यांनीं पहिला चरण सावकाश उच्चारला, दुसराही सांगितला, आणि तिसऱ्यापाशीं अडले. कपाळाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मग मांडीवर ताल धरून तेंच पद गुणगुणूं लागले, तेव्हां सगळे चरण एकामागून एक आले. माझी पेन्सिल मात्र फार मागें पडली होती.