डमरूच्या आकाराचा छरा

स्प्रिंगच्या हवाई बंदुकीतून निशाणावर जाणारा शिशाचा छरा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. स्पर्धेत वापरतात तो 4.5 मिलिमीटर व्यासाचा छरा सुमारे 0.53 ग्रॅम भरतो, म्हणजे तांदळाच्या वीस-पंचवीस दाण्यांइतका. पुढे सपाट डोके, मध्ये आवळलेली कंबर आणि मागे पातळ, पोकळ घेर. मराठी माणसाला पाहताक्षणी डमरू आठवावा असा हा आकार. जर्मन नेमबाज मात्र त्याला 'डायबोलो' म्हणतात. हा शब्द कानावर पडला की युरोपीय माणसाला सैतान आठवतो, आणि कुळकथेतला खरा गुंता ह्याच नावापाशी आहे.

बंदुकीची रचना साधी आहे. नळी मोडल्यासारखी खाली वाकवली, की तिला जोडलेली दांडी एका दट्ट्याला मागे रेटते आणि दट्ट्या जाड पोलादी स्प्रिंग दाबून धरतो. नळीच्या उघड्या तोंडात छरा बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. सुटलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि बारीक छिद्रातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. म्हणजे ह्या बंदुकीत हवा आधी साठवलेली नसतेच. चाप ओढल्यानंतर ती दाबली जाते. सायकलचा पंप बोटाने बंद करून दांडा जोरात दाबला तर पंप गरम होतो, तोच हा प्रकार.

हवाई शस्त्रांचा आधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात 1580 च्या सुमाराची भात्याची बंदूक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनीची हवाई रायफल वापरली, पण तिच्या दस्त्यात हवा पंपाने आधीच भरून ठेवलेली असे. स्प्रिंगशी तिचे नाते दूरचे. खोलीत किंवा जत्रेच्या तंबूत गंमत म्हणून नेम धरायच्या स्प्रिंगच्या बंदुका एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि अमेरिकेत पसरल्या. त्यांतून बहुधा पिसे किंवा केसांचे झुपके लावलेले छोटे बाण सोडत. बाण निशाणातून उपटून पुन्हा वापरता येतो, हा तंबूवाल्याचा हिशेब.

स्वस्त हवाई बंदूक घरोघरी नेली ती एका पवनचक्कीच्या कारखान्याने. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी 1882 मध्ये लोखंडी पवनचक्क्या बनवणारी कंपनी निघाली. क्लॅरेन्स हॅमिल्टन ह्याने तयार केलेली पत्र्याची बंदूक कंपनीचे व्यवस्थापक लुइस हफ ह्यांनी 1886 मध्ये चालवून पाहिली आणि त्यांच्या तोंडून 'डेझी' हा कौतुकाचा शब्द निघाला, असे कंपनी सांगत आली आहे. आपल्याकडे 'झकास' म्हणावे तसा तो तेव्हाचा बोलीतला शब्द. आरंभी ही बंदूक पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला भेट म्हणून मिळे. थोड्याच वर्षांत गिऱ्हाइकाला चक्कीपेक्षा भेटच जास्त हवीशी झाली आणि 1895 मध्ये कंपनीने स्वतःचे नावच 'डेझी' केले. वारा पकडणाऱ्यांनीच वारा दाबायचे यंत्र विकावे, हा योगायोग कोणी कादंबरीत घातला तर ओढूनताणून वाटेल.

डेझीच्या गोळीला 'बीबी' म्हणतात, आणि तिच्या नावाचा वाद अजून मिटलेला नाही. सर्वाधिक प्रचलित समजूत अशी, की बीबी म्हणजे 'बॉल बेअरिंग'. गोळी गोल, पोलादी, चकचकीत, अक्षरेही जुळतात. पण कालक्रम जुळत नाही. बीबी हे मुळात पक्षी मारायच्या शिशाच्या छऱ्यांचे एक माप. बी छरा 0.17 इंचाचा, बीबी 0.18 चा आणि बीबीबी 0.19 चा. डेझीच्या पहिल्या बंदुका बाजारात मिळणारा हाच बीबी छरा खात आणि तो शिशाचा असे. पोलादाचा प्रवेश पुढे 1920 च्या दशकात झाला. त्याचीही एक गोष्ट सांगितली जाते: मिनियापोलिसच्या एका बेअरिंग कारखान्याच्या भंगारातल्या गोळ्या पोरांनी उचलल्या, बंदुकीत घातल्या आणि कठीण पोलादाने नळ्या बिघडू लागल्या. त्यातूनच पुढे बंदुकीला सोसेल अशी पोलादी गोळी मुद्दाम बनवली गेली. तेव्हा 'बॉल बेअरिंग' ही व्युत्पत्ती खोटीच, पण ती खरी वाटावी अशी घटना नाव पडल्यावर तीसेक वर्षांनी घडली. त्यात भर म्हणजे आजची बीबी गोळी 0.18 इंचाची राहिलेली नाही, तिच्याहून थोडी बारीक आहे. माप गेले, धातू गेला, नाव मात्र टिकले.

मराठी 'छरा' ह्याच वाटेने आला. हिंदीत 'छर्रा', मराठीत 'छरा' आणि अनेकवचनी 'छरे'. ठासणीच्या बंदुकीतून एका बारात मूठभर सुटत ते छरे. म्हणून जुन्या बोलण्यात हा शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. हवाई बंदुकीतून एका वेळी एकच सुटतो, तरी ती 'छऱ्याची बंदूक'च ठरली. अमेरिकेतल्या दुकानदाराने आणि इकडच्या जत्रेतल्या तंबूवाल्याने एकमेकांना न विचारता शिकारीच्या बंदुकीतून एकच वस्तू उसनी घेतली.

आता डायबोलो. दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवायचे, उडवायचे आणि पुन्हा झेलायचे हे डमरूच्या आकाराचे भिंगरीवजा खेळणे. त्याचे मूळ चिनी असून तिकडे पोकळ बांबूचा प्रकार आजही खेळतात. वेगाने फिरताना तो घुमतो. युरोपात ते खूप आधी पोचले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच लोक त्याला 'दियाब्ल' म्हणजे सैतान म्हणत आणि इंग्रजीत 'दोन काठ्यांवरचा सैतान' असे नाव होते. मग ते विस्मरणात गेले. 1906-07 च्या सुमारास गुस्ताव्ह फिलिपार ह्या अभियंत्याने त्याची सुधारलेली आवृत्ती 'डायबोलो' नावाने बाजारात आणली आणि पॅरिस-लंडनला त्याचे वेड लागले.

नावाबद्दल दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाच्या मते जुन्या सैतानाचेच हे इटालियन धाटणीचे रूप. घुमणाऱ्या पोकळ खेळण्याच्या आवाजामुळे त्याला सैतान म्हटले असावे, आणि फिलिपारने तेच नाव जरा सजवून घेतले. दुसरा पक्ष म्हणतो, की शब्द ग्रीक आहे: 'दिया' म्हणजे आरपार, 'बाल्लो' म्हणजे मी फेकतो. खेळणे फेकून झेलायचे असल्याने अर्थही चपखल बसतो. मुलांच्या खेळण्याला सैतानाचे नाव कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्या पालकांपुढे ही दुसरी व्युत्पत्ती किती सोयीची होती, हे सांगायला नको.

दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात, पण भांडण पोकळ आहे. सैतानवाचक ग्रीक शब्द 'दियाबोलोस' हा स्वतःच 'दियाबाल्लो' ह्या क्रियापदातून निघालेला आहे. आरपार फेकणे, त्यावरून एखाद्यावर आळ फेकणे, निंदा करणे. जो आळ घेतो तो दियाबोलोस, आणि बायबलच्या ग्रीक भाषांतरात तोच सैतान. आळ 'घेतात' की 'फेकतात' एवढाच मराठीशी फरक. म्हणजे पहिल्या पक्षाची वाट थोडी लांबून जाऊन दुसऱ्या पक्षाच्याच दारात पोचते. खेळण्याचे नाव थेट सैतानावरून आले, हे जुन्या फ्रेंच-इंग्रजी नावांमुळे जवळपास नक्की धरता येते. ग्रीक खुलासा मागाहून चिकटवलेला दिसतो. पण चिकटवणाऱ्याने चुकून खरे मूळच चिकटवले.

गंमत पुढेच आहे. फेकलेल्या वस्तूच्या गतीचे शास्त्र म्हणजे बॅलिस्टिक्स. हा शब्द दगड फेकणाऱ्या 'बॅलिस्टा' ह्या प्राचीन यंत्रावरून आला, आणि बॅलिस्टा त्याच 'बाल्लो' क्रियापदावरून. खेळण्याचे नाव निव्वळ आकारसाम्यामुळे छऱ्याला लागले आणि छरा आपल्याच शास्त्राचा सख्खा भाऊ निघाला. ठरवून केलेले नामकरण इतके नेमके क्वचितच साधते.

नाव खेळण्याचे म्हणून आकारही खेळण्यावरून घेतला, असे मात्र समजू नये. हा प्रवाद मधूनमधून छापला जातो. कंबर आवळलेला छरा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज ह्यांच्या रायफलीबरोबर पुढे आला. जेफ्रीज ह्यांचे पेटंट 1904 चे आणि बीएसए कंपनीने ती रायफल बनवायला घेतली 1905 मध्ये. बोअर युद्ध 1902 मध्ये संपल्यावर बर्मिंगहॅमच्या शस्त्रकारखान्यांना काम हवे होते, त्याचा हा परिणाम. खेळण्याचे वेड त्यानंतरचे. शिवाय आकारामागे कारण आहे. नळीच्या आत सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. मागून हवा आदळली की छऱ्याचा पातळ घेर फुगून खाचांत घट्ट बसतो, हवा निसटत नाही आणि छऱ्याला गिरकी मिळते. कंबर आवळल्याने नळीशी घर्षण कमी होते. वजन डोक्याकडे असल्याने उडताना मागचा घेर वाऱ्यात ओढला जातो आणि छरा सरळ राहतो. बॅडमिंटनचे फूल डोके पुढे करून येते त्याच तत्त्वावर. ज्या खेळाला एके काळी 'पूना' म्हणत, त्याच्या फुलाशी छऱ्याचे हे नाते खेळण्यापेक्षा जवळचे आहे.

घेर फुगवण्याची कल्पना बर्मिंगहॅमला नवी नव्हती. फ्रेंच अधिकारी मिनिए ह्याने 1849 च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली शिशाची गोळी केली. तिचे इंग्रजी रूप 1853 च्या एनफिल्ड रायफलीत गेले. हिला गुंडाळणारे चरबीचे काडतूस 1857 च्या उठावात निमित्त ठरले. काडतुसातली गोळी कोणती होती, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ती पोकळ बुडाची, नळीत फुगणारी गोळी होती. एनफिल्डचे भाग घडवणारे कारागीर बर्मिंगहॅमचे, आणि 1861 मध्ये बीएसए उभारणारेही तेच बंदूकवाले. तेव्हा छऱ्याचे नाव सैतानाचे असले तरी रक्त मिनिएचे, हा अंदाज धाडसी म्हणता येणार नाही. दारूऐवजी हवेच्या दुबळ्या दाबाला फुगवता यावे म्हणून घेर कागदासारखा पातळ केला आणि पातळ घेराला आधार म्हणून मागे-पुढे दोनच ठिकाणी नळीला टेकणारा आकार आला. डमरू असा घडला.

इंग्लंडमध्ये ह्या बंदुकीला पबात जागा मिळाली. भिंतीवर लोखंडी पत्रा, पत्र्यात बोटभर भोक, भोकामागे घंटा. सहा-सात यार्डांवरून नेम धरायचा. घंटा वाजली की गुण. मोजणाऱ्याची गरज नाही, वादही नाही. बर्मिंगहॅमच्या आसपास हा खेळ अजून तग धरून आहे.

जर्मनीत हेच काम राष्ट्रीय छंदाच्या पातळीवर गेले. रास्टाट गावी 1890 मध्ये सुरू झालेल्या मायर आणि ग्रामेलश्पाखर ह्यांच्या कारखान्याचे चिन्ह म्हणजे धनुष्य टाकून देऊन हवाई बंदूक उंचावणारी डायना देवी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना खऱ्या बंदुका बनवायला बंदी होती, म्हणून नामांकित कारखाने आधी हवाई बंदुकांकडे वळले. वाल्टरचे 1953 चे एलपी 53 हे स्प्रिंगचे पिस्तूल त्या काळातले. जेम्स बाँडच्या एका गाजलेल्या जाहिरात-छायाचित्रात शॉन कॉनरीच्या हाती आहे ते हेच. खरे पिस्तूल आणायचे राहिले, म्हणून छायाचित्रकार डेव्हिड हर्न ह्यांनी आपले हवाई पिस्तूल पुढे केले. जगातला सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर छऱ्याचे पिस्तूल रोखून उभा आहे.

स्प्रिंगचा दोष एकच, पण मोठा. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि दट्ट्या थांबताच पुढे झटका खाते. हे दोन्ही झटके छरा नळीतच असताना सुरू होतात. माउझर सोडून आलेल्या वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर ह्यांच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने बंदुकीचा वरचा सांगाडा रुळांवर बसवला; झटका बसला की तो सरकतो, दस्ता आणि खांदा स्थिर राहतात. गिस ह्यांच्या रचनेत दुसरा दट्ट्या उलट दिशेने सोडून झटका मारला. ह्या दोन युक्त्यांनी स्प्रिंग जागतिक स्पर्धेत काही दशके टिकली.

ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफल 1984 मध्ये लॉस एंजेलिसला आली, पिस्तूल 1988 मध्ये सोलला. रायफलीच्या निशाणातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आहे, छरा त्याच्या नऊपट रुंद. तोपर्यंत स्प्रिंगचे दिवस भरत आले होते. हवा आधीच दाबून ठेवणाऱ्या बंदुकांनी तिची जागा घेतली. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा बंदुकीत स्प्रिंग नव्हती. छरा मात्र डमरूच्याच आकाराचा होता.

स्प्रिंग उरली ती जत्रेत. फळीवर टाचलेले फुगे, समोर बाकडे, त्यावर नळी सैल झालेली बंदूक आणि पत्र्याच्या डबीत छरे. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 0.177 इंचापर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. पुढच्या जत्रेत नेम धरण्याआधी डबीतला एक छरा उचलून त्याचा मागचा घेर पाहावा. तो चेपलेला असेल, तर फुगा चुकल्याचा दोष डोळ्याला देऊ नये.