दात्याचे दान आणि जनतेचे रुग्णालय

रोजंदारीचा माणूस आजारी पडला की अंगात ताप असतो आणि घरची चूल थंड पडते. म्हणून पुरता बरा होण्याआधीच तो कामावर जातो व पुन्हा अंथरुण धरतो. त्याला औषधाइतकीच विश्रांतीचीही गरज असते.

ही गरज पूर्वजांनी ओळखली होती. कैरो येथे सुलतान कलावून याने १२८४ मध्ये उभारलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चाले. बऱ्या झालेल्या रुग्णास लगेच कामाला जुंपून घ्यावे लागू नये म्हणून निघताना त्याच्या हाती काही रक्कम देत, असे वर्णन आढळते.

आपल्या राज्यात मुंबईचे नायर रुग्णालय पाहा. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉ. आनंदराव लक्ष्मण नायर यांनी त्याला आधार दिला आणि आपल्या मातोश्री यमुनाबाईंच्या नावे धर्मादाय रुग्णालय उभारले. आसपास गिरणी कामगारांची वस्ती होती. परंतु औषध, जेवण, परिचारिका यांचा खर्च रोजचा. एका दात्याच्या बळावर तो पिढ्यान्‌पिढ्या कसा चालणार? १९४६ मध्ये ही संस्था मुंबई महापालिकेकडे गेली. टोपीवाला देसाई यांच्या देणगीने महाविद्यालयाला त्यांचे नाव लाभले. रुग्णालयावर यमुनाबाईंचे नावही कायम राहिले. दान पुसले गेले नाही, त्याला करदात्यांचा आधार मिळाला.

१९४८ च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला आजारपणात पगाराचा काही भाग मिळू लागला. मात्र आपल्याकडचा शेतमजूर व ऊसतोड कामगार त्या छत्राबाहेरच राहिला. त्याला सरकारी दवाखान्याचाच आधार.

निजामी राजवटीत नांदेड-लातूरकडील लोकांना मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठावे लागे. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आले, पुढे लातूरलाही आले. ही रुग्णालये सरकारची म्हणून परकी मानू नयेत. ती आपल्याच पैशाने चालतात.

पालकांनी तेथील उणिवांबद्दल लेखी विचारणा करावी, व्यवस्थेवर नजर ठेवावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टर किंवा परिचारिका होऊन तुम्ही तेथे रुजू झालात, तर तेही मोठे दानच ठरेल.