दुखण्याचे माप आणि फलटणची बोली

‘मणक्याची गादी सरकली’ हा शब्दप्रयोग आता मराठीत पुरता रुळला आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो काटेकोर नाही. दोन मणक्यांमधील चकती जागची सरकत नसते. तिच्या कडेचे चिवट कडे फाटते, आतील मऊ गर बाहेर येतो आणि मज्जातंतूच्या मुळाशी दाब किंवा दाह निर्माण करतो. कंबरेतून निघून मांडी, पोटरी, तळपाय असा उतरत जाणारा हा ठणका आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत त्याला ‘गृध्रसी’ असे नाव आहे आणि रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून ते पडले, असा त्याचा उलगडा केला जातो. या जुन्या नावात रोग्याच्या शरीराच्या आत काय घडले हे नाही, रोगी चालतो कसा हे आहे. आधुनिक वैद्यकाने प्रथम ‘आत’ पाहिले आणि मग बऱ्याच वळणांनी ते पुन्हा ‘चालतो कसा’ या प्रश्नाकडे आले. प्रस्तुत लेखाचा विषय हे परतणे आहे.

1934 साली बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोघा शल्यचिकित्सकांनी पायात उतरणाऱ्या वेदनेचे कारण फाटलेली चकती हे असू शकते, असे दाखवून दिले. तोवर शस्त्रक्रियेत हाती लागणारा हा भाग बहुधा कूर्चेची गाठ समजला जाई. कारण सापडले, ते काढून टाकता येते हेही कळले, आणि पुढील अर्धे शतक चकतीचे झाले. एमआरआय आल्यावर तर चकती डोळ्यांनी दिसू लागली. परंतु नेमके तेव्हाच एक कोडे उभे राहिले. 1990 साली बोडेन आणि सहकाऱ्यांनी पाठदुखी कधीच न झालेल्या 67 जणांच्या कंबरेचे एमआरआय तपासले. त्यांतील सुमारे एकतृतीयांश व्यक्तींच्या मणक्यांत ठळक दोष होते. 1994 साली जेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाठदुखी नसलेल्या 98 जणांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. म्हणजे चित्रात दोष असूनही माणूस सुखाने वावरत असतो. उलट चित्र फारसे बोलत नाही आणि माणूस मात्र कूस बदलू शकत नाही, हेही घडते. चित्र आणि दुःख यांचा मेळ बसत नसेल, तर दुःखाचा साक्षीदार कोण? रोग्याखेरीज दुसरा कोणी असू शकत नाही. त्याला विचारावे लागते.

काय विचारावे, या प्रश्नाचे एक उत्तर देणारी परंपरा भारतात आली, तिचे नाव फलटणच्या लोकांना अपरिचित नाही. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, विद्यालय सुरू केले. 1952 साली या उपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. त्यांचे चिरंजीव बी. व्ही. निंबकर यांनी फलटणला कृषिसंशोधन संस्था काढली, तर येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा आज त्यांचे नाव चालवते. व्यवसायोपचाराचा मूळ प्रश्न साधा आहे: तुम्हाला काय करता येते? कपडे घालता येतात का, बादली उचलता येते का, आपल्या कामावर परतता येईल का? जीवनमानाच्या आजच्या मापनपट्ट्या थेट या शाखेतून निघाल्या असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण रोगाच्या नावाऐवजी रोग्याच्या दिवसाकडे पाहण्याची जी दृष्टी त्यांच्या मुळाशी आहे, ती या शाखेने आपल्याकडे कितीतरी आधी रुजवली होती.

पाठदुखीसाठी अशी पट्टी 1980 साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावच्या अस्थिरुग्णालयात जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली, म्हणून ती गावाच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात दहा विभाग आहेत. वेदनेची तीव्रता, स्वतःची निगा, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, कामजीवन, लोकांतील वावर आणि प्रवास असे ते विभाग होत. प्रत्येक विभागात सहा विधाने, त्यांना 0 ते 5 गुण, आणि बेरजेची टक्केवारी. टक्के जितके अधिक, तितकी असमर्थता अधिक. 1983 साली रोलंड आणि मॉरिस यांनी 136 विधानांच्या एका जुन्या प्रश्नावलीतून 24 विधाने निवडून आणखी सुटसुटीत पट्टी केली. त्याआधी 1975 साली मेलझॅक यांनी वेदनेचे वर्णन करणारे 78 शब्द 20 गटांत लावून मॅकगिल प्रश्नावली सिद्ध केली होती. वाङ्मयाच्या अभ्यासकाने थबकावे अशी ही घटना आहे. वैद्यकाने विशेषणांचा कोश केला आणि त्याला तपासणीच्या साधनाचा दर्जा दिला.

या पट्ट्यांनी उपचारांचा न्यायनिवाडा बदलला. नॉर्वेतील वेबर यांनी 1983 साली आपल्या रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पहिल्या वर्षी स्पष्टपणे बरे होते, पण पुढे दोन्ही गटांतील अंतर मिटत गेले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘स्पोर्ट’ या मोठ्या चाचणीत यशाचा मुख्य निकष एमआरआय नव्हता. वेदना आणि हालचालींविषयी रोग्यांनी स्वतः दिलेली उत्तरे आणि ऑस्वेस्ट्रीचे गुण हा तो निकष होता. अनेकांनी मध्येच उपचार बदलल्यामुळे त्या चाचणीचा अर्थ लावणे अवघड झाले हे खरे, पण साक्ष कोणाची घ्यायची हा प्रश्न तिथे निकालात निघाला होता.

साक्ष घेतली, तरी तिच्यावर विश्वास ठेवला का? ऑस्वेस्ट्रीच्या मूळ वर्गवारीत 81 ते 100 टक्के गुण मिळवणाऱ्यांविषयी दोन शक्यता मांडलेल्या आहेत. हा रोगी एक तर अंथरुणाला खिळलेला असेल, नाही तर तो लक्षणे वाढवून सांगत असेल. जो सर्वांत अधिक दुःख सांगतो, त्याच्याच शब्दावर सर्वांत अधिक संशय! रोग्याला बोलते करणाऱ्या साधनाच्या टोकाला हा संशय बसलेला आहे, हे विसरता कामा नये.

आता भाषेचा प्रश्न. ऑस्वेस्ट्री पट्टीच्या मराठी रूपाची विश्वसनीयता तपासणारा जोशी, रायतूरकर आणि कुलकर्णी यांचा अभ्यास 2013 साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात आला. हे मोलाचे काम आहे. पण अशा भाषांतरापुढे उभे राहणारे प्रश्न केवळ संख्याशास्त्राने सुटणारे नाहीत. मूळ पट्टीत बसणे म्हणजे खुर्चीत बसणे. ज्या घरात जेवण, निवडणे-टिपणे, शेणकूट हे सारे जमिनीवर बसून किंवा उकिडवे होते, तिथे खुर्ची हे माप कितपत लागू पडते? कामजीवनाविषयीचा विभाग कोरा सुटला, तर उरलेल्या विभागांवरून टक्केवारी काढता येते. हिशेब जुळतो, पण एक दुःख न बोलताच राहते.

त्यात मराठी म्हणजे तरी कोणती मराठी? मॅक्सीन बर्नसन यांनी 1973 साली पेनसिल्वेनिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाचा विषयच ‘फलटणची बोली’ हा होता. एकाच गावातील बोलण्यात आढळणारे भेद त्यांनी अभ्यासले. त्यांचे ते काम पाठदुखीसाठी नव्हते, परंतु पाठदुखीच्या प्रश्नावलीला त्याची गरज आहे. ‘तीव्र वेदना’ हा छापील शब्द. बोलताना माणूस म्हणतो: कळ जाते, चमक निघते, उसण भरते, ठणकते, सणक येते, पायाला मुंग्या येतात, कंबर धरली आहे. यांतील चमक क्षणाची, ठणका रात्रभराचा. उसण एकाएकी भरते, कंबर हळूहळू धरते. ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ या दोन चौकटींत हा सारा फरक पुसला जातो.

शेवटी या परिसरातील एका कामाचे उदाहरण घेऊ. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात, आणि कामावर न आलेल्या दिवसाचा ‘खाडा’ लागतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढणाऱ्या स्त्रीला वजन उचलण्याविषयीचा प्रश्न विचारला, तर ती काय सांगेल? उचलते, पण दुखते. या उत्तराला पट्टीवर पाचपैकी एक गुण आहे. म्हणजे त्या विभागापुरती ती जवळजवळ निरोगी ठरते. याउलट ज्याला विश्रांती परवडते, तो वजन उचलणेच सोडतो आणि त्याची असमर्थता पाच गुणांची होते. पट्टी खोटे बोलत नाही. माणूस काय करतो एवढेच ती मोजते. नाइलाजाने करावे लागणे आणि करता येणे यांत ती भेद करू शकत नाही. ‘उचल’ या एका शब्दात कर्ज आणि ओझे दोन्ही आहेत हे मराठी बोलणाऱ्याला कळते, गुणांच्या रकान्याला कळत नाही.

यावरून अशी मापे टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्यांच्यापूर्वी रोग्याच्या शब्दाला पुराव्याची किंमतच नव्हती. ती आता मिळाली आहे, म्हणून शब्दाची जबाबदारी वाढली आहे. ती एकट्या वैद्यकाने पेलण्याजोगी नाही. बोलींचा अभ्यास करणाऱ्या मराठी विभागांनी दुखण्याचे शब्द गावोगाव, कामाकामानुसार नोंदवावेत, कोणता शब्द कोणत्या दुखण्याला आणि किती वेळच्या दुखण्याला वापरला जातो ते टिपावे, आणि भाषांतरांच्या मसुद्यांपुढे ते ठेवावे. पदव्युत्तर वर्गाचा हा एक चांगला प्रकल्प होईल, आणि त्याचा उपयोग परीक्षेपलीकडे, दवाखान्याच्या बाकावर ताटकळणाऱ्या कोणाला तरी होईल.