पाटीवरील शब्दांची मालकी

दुकानास नाव ठेवताना व्यापाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. स्वतःचे, वाडवडिलांचे अथवा कुलदैवताचे नाव पाटीवर लिहावे ही एक. आणि विकावयाच्या जिनसेचे वर्णन हेच नाव म्हणून लावावे ही दुसरी. पहिल्या वाटेने गेल्यास नाव लोकांच्या तोंडी बसावयास वर्षे लोटतात. दुसऱ्या वाटेने रस्त्याने जाणाऱ्या माणसास आत काय मिळते हे पहिल्याच दिवशी कळते. परंतु जो शब्द फुकट मिळाला तो शेजाऱ्यासही फुकटच मिळतो, आणि पहिल्या दुकानाची चलती झाली की शेजाऱ्यास तो शब्द हटकून आठवतो. मग तंटा न्यायासनापुढे जातो. या तंट्यांचा इतिहास मुख्यतः इंग्लंडच्या न्यायालयांत घडला असून भारतातील कायद्याचा पाया तोच आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक केसांचे औषध आहे. लंडनमध्ये पेरी नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी ‘मेडिकेटेड मेक्सिकन बाम’ या नावाने केस वाढविण्याचे मिश्रण विकीत असे. ट्रूफिट नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याने तेच नाव घेऊन, त्याआधी केवळ स्वतःचे आडनाव जोडून, तसलेच मिश्रण बाजारात आणले. पेरीने १८४२ मध्ये मास्टर ऑफ द रोल्स लॉर्ड लँगडेल यांच्याकडे मनाईहुकूम मागितला. आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून तो विकण्याचा अधिकार कोणासही नाही, हे तत्त्व लँगडेल यांनी या निकालात स्वच्छ शब्दांत मांडले. आणि त्याबरोबरच, नुसत्या नावावर कोणाची मालकी उत्पन्न होते असे आपणांस वाटत नाही, असेही सांगितले. पुढील सारी इमारत या दोन वाक्यांवर उभी आहे. खुद्द पेरीच्या हाती मात्र काहीच लागले नाही. आपल्या औषधाची कृती जर्मनीतील विख्यात शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांची असून ती त्यांच्या एका निकटच्या आप्ताकडून आपणांस मिळाली, असे तो जाहिरातीत छापीत असे. प्रत्यक्षात ती कृती त्याने दुसऱ्याच एका इसमाकडून विकत घेतली होती. लोकांना फसविणाऱ्याने फसवणुकीविरुद्ध दाद मागावी हे न्यायमूर्तींस रुचले नाही.

खऱ्या अर्थाने दोन दुकानांच्या पाट्यांचे भांडण म्हणावे असे प्रकरण १८६९ मधील आहे. लंडनच्या पॅल मॅल या प्रतिष्ठित रस्त्यावर २२ क्रमांकाच्या जागेत ‘गिनी कोल कंपनी’ नावाची कोळशाची पेढी होती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. गिनीचे सोन्याचे नाणे पाडणे बंद होऊन तेव्हा अर्धशतक लोटले होते, तरी भाव सांगण्याची ती रीत चालूच होती. तेव्हा नावात होते काय, तर एक किमतीचा आकडा आणि एक जिन्नस. कोणाही कोळसेवाल्याने उच्चारावेत असे शब्द. या पेढीच्या एका व्यवस्थापकाने नोकरी सुटल्यावर स्वतःचा कोळशाचा धंदा काढला, आणि काही काळाने त्याच पॅल मॅल रस्त्यावर ४६ क्रमांकाच्या जागेत येऊन ‘पॅल मॅल गिनी कोल कंपनी’ अशी पाटी लावली.

त्याने केलेली भर पाहण्यासारखी आहे. जुन्या नावास त्याने रस्त्याचे नाव जोडले. वरकरणी हा दोन नावांतील भेद. वस्तुतः ती जुन्या पेढीच्या ठिकाणाचीच खूण होती. पॅल मॅलवरच्या गिनी कोळसेवाल्याकडे चिठ्ठी पाठवावयास सांगितलेला नोकर कोणत्या दारी जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. लॉर्ड जस्टिस गिफर्ड यांनी फिर्यादीस या शब्दांची मालकी नाही हे प्रथमच मान्य केले. पण प्रश्न मालकीचा नसून, ज्याने त्या नावास लौकिक मिळवून दिला त्याच्याशीच आपण व्यवहार करीत आहोत अशी गिऱ्हाइकाची समजूत करून देण्याचा आहे, आणि ते कपट होय, असा निर्णय त्यांनी दिला. मनाई झाली ती पॅल मॅलपुरती. त्या रस्त्यावर ते नाव वापरू नये; इतरत्र गिनीचा कोळसा विकण्यास कोणाची हरकत नव्हती. शब्दास कुंपण न घालता फसवणुकीस तेवढे कुंपण घालणारा हा निकाल आहे, आणि त्याचे शहाणपण पुढील कित्येक पांडित्यपूर्ण निकालांत आढळत नाही.

या ठिकाणी व्याकरणातील एका भेदाचा उपयोग होतो. ‘पंकज’ या शब्दाचा व्युत्पत्तीने होणारा अर्थ चिखलात जन्मलेले, एवढाच. त्या न्यायाने बेडूक आणि शेवाळ हीदेखील पंकजेच होत. परंतु पंकज म्हटल्याबरोबर कमळच डोळ्यांपुढे येते, कारण शब्द अवयवार्थाने खरा असूनही रूढीने एकाच वस्तूस चिकटला आहे. अशा शब्दास शास्त्रकारांनी योगरूढ म्हटले. इंग्रज न्यायाधीश ज्यास दुय्यम अर्थ म्हणतात तो हाच. एखादे वर्णन बाजारात अजून साधे वर्णनच आहे, की ते योगरूढ होऊन एका पेढीचे नाव बनले आहे, हा प्रत्येक तंट्यातील खरा प्रश्न असतो. मात्र त्याचे उत्तर कोशात सापडत नाही. ते गिऱ्हाइकांच्या साक्षींतून काढावे लागते.

१८७५ मध्ये इंग्लंडात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १८७६ च्या आरंभापासून नोंदणी सुरू झाली. तथापि मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या शब्दांस त्या दप्तरात सहसा थारा नव्हता. वर्णनात्मक नावाच्या व्यापाऱ्यास जुनाच मार्ग राहिला: प्रतिस्पर्धी आपला माल माझा म्हणून खपवितो, हे पुराव्याने सिद्ध करणे.

हा पुरावा किती दूरवर नेता येतो हे १८९६ मध्ये उंटाच्या केसांनी दाखविले. वाफेच्या कारखान्यांत मुख्य दांड्याची गती निरनिराळ्या यंत्रांस पोचवावयास रुंद पट्टे लागत. मँचेस्टरकडील रेडावे यांची पेढी असे पट्टे विणून ‘कॅमल हेअर बेल्टिंग’ या नावाने विकीत असे. त्यांच्याकडे पूर्वी नोकरीस असलेल्या बॅनहॅम यांनी स्वतंत्र कारखाना काढून तसलेच पट्टे त्याच नावाने विकावयास प्रारंभ केला. त्यांच्या पट्ट्यांतील सूत खरोखरीच मुख्यतः उंटाच्या केसांचे होते. म्हणजे नाव खोटे नव्हते. ज्यूरीने साक्षीपुरावा ऐकून असा अभिप्राय दिला की, बाजारात या शब्दांचा अर्थ रेडावे यांचे पट्टे असाच झाला आहे. अपील कोर्टाने तो निकाल फिरविला. माणसाने आपल्या मालाविषयी सरळ सत्य सांगितले असता कायद्याने त्याचे तोंड कसे धरावे, असा त्या कोर्टाचा सवाल होता.

सवाल क्षुल्लक नव्हता. कारागीर नोकरी सोडून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ भांडवल थोडे आणि हातचे कसब तेवढे असते. आपण काय विणतो हेही त्याने सांगू नये म्हटल्यास त्याने पोट कसे भरावे? उलट पक्षी, ज्याने वर्षानुवर्षे एका नावाने माल खपविला त्याच्या गिऱ्हाइकास परका माल दिला जात असता न्यायालयाने शब्दकोश उघडून बसावे काय? हाऊस ऑफ लॉर्ड्सने रेडावे यांचा पक्ष उचलून धरला. अक्षरशः खरे असलेले वाक्यही ऐकणाऱ्याच्या मनात खोटी समजूत उत्पन्न करू शकते, आणि ती करण्यासाठीच ते वापरले तर सत्याची ढाल पुढे करता येत नाही, असे लॉर्ड हर्शेल यांच्या विवेचनाचे तात्पर्य आहे. शब्द मात्र सर्वस्वी बंद केले नाहीत. आपले पट्टे रेडावे यांचे नव्हेत हे स्पष्ट केल्यावाचून प्रतिवादीने ते शब्द वापरू नयेत, एवढेच बंधन घातले. कागदावर ही तोड सुरेख दिसते. व्यवहारात ‘स्पष्ट’ म्हणजे किती स्पष्ट, याचा निर्णय पुन्हा वकिलांच्या कचेरीतच व्हावयाचा, आणि तेथे लहान कारखानदारापेक्षा मोठ्याचाच निभाव लागतो हे उघड आहे.

या विजयामुळे प्रत्येक वर्णनकर्त्यास आशा वाटू लागली असेल, तर ती तीन वर्षांतच मावळली. बारीक छिद्रे राखून विणलेल्या कापडास ‘सेल्युलर’ म्हणणाऱ्या एका कंपनीने स्कॉटलंडमधील प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांविरुद्ध दाद मागितली. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९९ मध्ये ती फेटाळली. केवळ वर्णन करणारा शब्द आपलेच नाव झाला आहे असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचे ओझे फार भारी आहे, असे ठरले. १९४६ मध्ये त्याच सभेपुढे ‘ऑफिस क्लीनिंग सर्व्हिसेस’ आणि ‘ऑफिस क्लीनिंग असोसिएशन’ या दोन नावांचा वाद आला. दोन्ही धंदे कचेऱ्या झाडून-पुसून देण्याचे. लॉर्ड सायमंड्स यांनी सांगितले की, जो रोजच्या वापरातले शब्द नावासाठी घेतो त्याने थोडाफार घोटाळा सोसलाच पाहिजे. अशा नावांत लहानसा फरकही पुरेसा होतो. ‘सर्व्हिसेस’च्या जागी ‘असोसिएशन’ हा फरक पुरला.

हिंदुस्थानात नोंदणीचा कायदा १९४० पर्यंत नव्हता. १८६० च्या दंडसंहितेतील कलमे आणि १८८९ चा मर्चंडाइझ मार्क्स अ‍ॅक्ट यांनी खोट्या चिन्हांस शिक्षा होई. दिवाणी दाव्यांत मात्र इंग्रजी तत्त्वांवरच भिस्त असे. पुढे १९५८ आणि १९९९ मध्ये नवे कायदे झाले. वर्णनात्मक शब्दाची नोंदणी सामान्यतः होत नाही, परंतु वापराने तो विशिष्ट व्यापाऱ्याचा म्हणून ओळखला जाऊ लागल्यास होऊ शकते, हा नियम १९९९ च्या कायद्यातही कायम आहे. पंकजाची कमळाशी पडलेली गाठ अशी कलमात येऊन बसली.

देशी नावांचा विचार करताना भाषेचा नवाच प्रश्न उभा राहिला. लाहोरास १९०१ पासून विकले जाणारे आणि फाळणीनंतर डेहराडूनहून विकले जाऊ लागलेले ‘अमृतधारा’ हे औषध सुपरिचित आहे. कानपूरच्या एका व्यापाऱ्याचे तशाच विकारांवरील ‘लक्ष्मणधारा’ हे औषध १९२३ पासून चालत होते. त्याने नोंदणीसाठी अर्ज करताच अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे पडले की, अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा यांतील भेद कोणासही कळेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हे मत अमान्य केले. पोटदुखीने बेजार झालेला खेडूत दुकानाच्या पायरीवर उभा राहून समासाचा विग्रह करीत नाही. त्याच्या स्मरणात अर्धवट राहिलेला नाद तेवढा असतो, आणि तो नाद दोहोंचा सारखाच आहे, असा या निकालाचा आशय होता. तथापि लक्ष्मणधारेचा वापर इतकी वर्षे प्रामाणिकपणे चालला होता आणि अमृतधारावाल्यांनी तो उघड्या डोळ्यांनी चालू दिला होता. म्हणून तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. पॅल मॅलच्या कोळशाप्रमाणे येथेही नावाची हद्द नकाशावर आखली गेली.

अशी हद्द आखणे पुढे अवघड झाले, कारण दुकान रस्त्यावर राहिलेच नाही. नोकऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या ‘नौकरी’ या संकेतस्थळाच्या चालकांनी २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. प्रतिस्पर्ध्याने रोमन लिपीत तेच नाव मध्ये एक जादा ‘ए’ घालून घेतले होते. नौकरी हा तर उत्तरेकडील घरोघरचा शब्द. त्यावर हक्क कोणी सांगावा? पण टंकलेखनातील चुकीने वाट चुकलेल्या गिऱ्हाइकांस आपल्या दारी आणण्यासाठीच ती भर घातलेली दिसत होती, आणि मूळ नावास आता स्वतंत्र ओळख आली होती. न्यायालयाने मनाईहुकूम दिला. देवनागरी लिहिणाऱ्यास तो जादा ‘ए’ वेगळा दाखविताही येत नाही. दोन्ही नावे वाचताना ‘नौकरी’ अशीच उमटतात.